परसातील फळझाडे आणि सातेरीची पेटी

घरामागे थोडीशी मोकळी जागा असली की तेथे एक पेरू, एक लिंबू, शेवग्याचे एखादे झाड आणि कुंपणावर भोपळ्याचा वेल लावावा, ही आपल्याकडील फार जुनी चाल आहे. अशी परसबाग करणारा मनुष्य माती पारखतो, शेणखताची तजवीज करतो, उन्हाळ्यात न्हाणीचे पाणी आळ्यांतून फिरवितो. झाड फुलावर आले म्हणजे आपले काम संपले, आता फळ येईलच, अशी त्याची समजूत असते. परंतु फुलापासून फळापर्यंतची वाट त्याच्या हातात नसते. बहुतेक झाडांच्या बाबतीत ती एखाद्या कीटकाच्या, आणि पुष्कळदा मधमाशीच्या, अंगावरून जाते. म्हणून या लेखात फळझाडे व मधमाशी यांचा विचार आम्ही एकत्र करणार आहोत. झाडांविषयी लिहिणारे माशीस एक परिच्छेद देतात व माशीविषयी लिहिणारे झाडांस एक परिच्छेद देतात. त्यामुळे परसात पेटी ठेवू इच्छिणाऱ्यास जो मुख्य प्रश्न पडावयास हवा तो पडतच नाही. तो प्रश्न असा की, आपल्या बेळगावाकडील पावसाच्या चार महिन्यांत ही माशी खाणार काय?

त्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी एक फूल नीट पाहू. त्यासाठी भोपळ्याचे फूल घ्यावे, कारण ते मोठे असते आणि त्यात लपविलेले काही नसते. भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन जातींची फुले येतात. वेल फुलू लागला म्हणजे आधी काही दिवस नुसती नरफुले येतात. ती लांब दांड्यावर असतात व त्यांच्या मध्यभागी पिवळ्या परागाने माखलेला एकच दांडा असतो. मागाहून मादीफुले येतात. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली आरंभापासूनच भोपळ्याची लहानशी प्रतिकृती दिसते. हे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या अवधीत नरफुलातील पराग मादीफुलाच्या कुक्षीवर येऊन पडला तर ती प्रतिकृती वाढू लागते. न पडला तर चार दिवसांत पिवळी पडून गळते. पराग थोडाच पडला तर फळ एका अंगाने वाढते व दुसऱ्या अंगाने खुरटते. आळ्यात पाणी भरपूर, खत भरपूर, आणि तरीही वेल "नुसताच माजला" अशी तक्रार घरोघर ऐकू येते. तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतः करून पाहण्याजोगा आहे. उद्या उमलणार अशी तीन मादीफुले आज संध्याकाळी हेरावी. दोहोंवर मलमलीच्या लहान पिशव्या बांधाव्या व तिसरे मोकळे ठेवावे. सकाळी एका पिशवीतील फुलाच्या कुक्षीवर ताजे नरफूल हलकेच घासून पिशवी पुन्हा बांधावी. दुसरी पिशवी मुळीच सोडू नये. आठवड्याने तिन्ही फुलांची स्थिती वहीत लिहून काढावी. परागसिंचन म्हणजे काय हे या तीन फुलांवरून जितके स्पष्ट कळेल तितके पुस्तकातील चित्रावरून कळणार नाही.

फळझाडांच्या बाबतीत प्रकार इतका सरळ नसतो. पेरूच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे माशी न आली तरी काही फळे धरतात. परंतु माश्यांची ये-जा असलेल्या झाडावर फळे अधिक धरतात व चांगली भरतात. लिंबाचे फूल मकरंदाने इतके समृद्ध असते की ते झाड फुलले असता त्याखाली उभे राहिल्यास गुणगुण ऐकू येते. डाळिंबावर दोन तऱ्हेची फुले येतात. बुडाशी फुगीर, लहान सुरईसारखी असतात ती फळ धरतात. बुडाशी निमुळती, घंटेसारखी असतात ती नुसता पराग देऊन गळून पडतात. झाडाखाली लाल फुलांचा सडा पाहून नवशिका माळी घाबरतो. त्याने खाली पडलेल्या फुलांचे बूड पाहावे, म्हणजे बरीचशी चिंता दूर होईल. नारळाची गोष्ट याहूनही कुतूहलाची आहे. त्याच्या एकाच तुऱ्यावर नरफुले व मादीफुले असतात, पण उंच वाढणाऱ्या जातींत त्या तुऱ्यावरील नरफुले गळून गेल्यानंतरच मादीफुले तयार होतात. म्हणून पराग दुसऱ्या झाडावरून यावा लागतो. तो वाऱ्यानेही येतो आणि माशीच्या पायांनीही येतो.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्हांस अवश्य वाटते. मधमाशीची थोरवी सांगताना पुष्कळ लेखक प्रत्येक फळ तिच्या पदरात टाकतात. हे खरे नव्हे. आंब्याच्या मोहोरावर मधमाशी दिसते, परंतु तेथील मुख्य कामगिरी निरनिराळ्या जातींच्या साध्या माश्यांची असते. आपण खातो त्या केळ्यास परागाची गरजच नसते, म्हणून तर त्यात बी नसते; तरीही केळफुलात मकरंद विपुल असल्याने माशीस मात्र केळ फार उपयोगी पडते. पपईचे नर व मादी असे निरनिराळे वृक्ष असतात, आणि तिच्या फुलांकडे रात्री पतंगही जातात. दुधी भोपळ्याचे पांढरे फूल सायंकाळी उमलते ते काही दिवसा फिरणाऱ्या मधमाशीसाठी नव्हे. सारांश, परसात मधमाशी असावी, पण भुंगे, पतंग, फुलपाखरे यांसही तेथे थारा असावा.

आता माशीकडे वळू. आपल्या प्रदेशात मध करणाऱ्या माश्यांच्या चार जाती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. आग्या ही सर्वांत मोठी. उंच झाडांच्या फांद्यांस, कड्यांस व पाण्याच्या टाक्यांस तिचे एकच प्रचंड पोळे लटकते. ती तापट असते, ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते आणि पेटीत राहत नाही. तिच्या वाटेस जाऊ नये हेच उत्तम. फुलोरी ही लहान. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे करते. तीही पेटीतली नव्हे. पोया तर मुंगीएवढी, नांगी नसलेली, भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहणारी. तिचा मध अगदी थोडा, पण फुलांवरील काम मोठे. चौथी सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत, ओसाड वारुळात, म्हणजे अंधाऱ्या बंदिस्त जागी एकामागे एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. आणि अंधारात राहण्याच्या या सवयीमुळेच ती पेटीत राहू शकते. गोमंतकात वारुळाच्या रूपाने पुजल्या जाणाऱ्या ग्रामदेवतेचे नावही सातेरीच आहे. ज्या वाचकांची कुलदेवता सातेरी असेल त्यांस या माशीविषयी थोडी अधिक आपुलकी वाटली तर त्यात नवल नाही.

याखेरीज मेलिफेरा नावाची युरोपीय माशीही हल्ली भारतात पुष्कळ पाळली जाते. १९६० नंतरच्या काही वर्षांत पंजाबाकडे तिचा यशस्वी प्रवेश झाला. ती मध अधिक देते, परंतु तिला मोठी पेटी, विस्तीर्ण फुलोरा आणि फुलांमागे पेट्या वाहून नेणारा मालक लागतो. घरामागे एक-दोन पेट्या ठेवणाऱ्याने सातेरीच ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती या मातीतली आहे. येथील पाऊस, येथील गांधीलमाशी, येथील गोचिडीसारखे माशीस चिकटणारे किडे या सर्वांशी तिचा जुना परिचय आहे. गांधीलमाशी दाराशी आली असता पुष्कळ सातेरी माश्या तिच्याभोवती गोळा होऊन तिला चेंडूसारख्या वेढतात व आपले अंग तापवून त्या उष्णतेने तिला मारतात. ही विद्या युरोपीय माशीस तितकीशी अवगत नाही.

सातेरीच्या भरभराटीच्या वसाहतीत एक राणी, काही शे नर आणि दहा-वीस हजार कामकरी माश्या असतात. त्यांच्या जीवनक्रमाचे वर्णन शालेय पुस्तकांत आलेले असल्याने येथे पुन्हा करीत नाही. बागेच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोनच गोष्टी सांगतो. पहिली अशी की, कामकरी माशी एका फेरीत सामान्यतः एकाच जातीच्या फुलांवर जाते. लिंबावर निघालेली माशी वाटेतील झेंडूकडे वळत नाही. त्यामुळे लिंबाचा पराग लिंबासच पोचतो. रमतगमत सर्व फुलांवर बसणारा कीटक हे काम इतक्या चोखपणे करू शकत नाही. दुसरी गोष्ट ही की, चांगला फुलोरा सापडलेली माशी पोळ्यावर येऊन एक विशिष्ट नाच करते, आणि त्या नाचाच्या दिशेवरून व वेगावरून इतर माश्यांस तो फुलोरा सूर्याच्या कोणत्या बाजूस व किती दूर आहे हे कळते. कार्ल फॉन फ्रिश या प्राणिशास्त्रज्ञाने अनेक वर्षे निरीक्षण करून ही भाषा उलगडली व त्यास १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. यावरून बागाइतदाराने समजावयाचे ते हे, की आपली माशी आपल्या कुंपणात राहत नाही. सातेरी सुमारे किलोमीटरभर परिसर सहज धुंडाळते. आपल्या परसात तिचे घर असते. तिचे शेत सगळ्या गल्लीभर पसरलेले असते.

पेटीचा इतिहास थोडक्यात असा. पूर्वी मध म्हणजे धूर करून, पोळे पिळून, पिलांसह काढलेला रस. त्यात वसाहतीचा नाश ठरलेलाच. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाच्या ध्यानात आले की, दोन पोळ्यांमध्ये व पोळे आणि भिंत यांमध्ये आठ-नऊ मिलिमीटर जागा सोडली तर माश्या ती मेणाने भरून टाकीत नाहीत, येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. त्यावरून सुट्या लाकडी चौकटींची पेटी निघाली. पोळे चौकटीसह बाहेर काढावे, पाहावे, परत ठेवावे. मध यंत्रात फिरवून काढावा आणि रिकामे पोळे माश्यांस परत द्यावे. आपली सातेरी युरोपीय माशीहून लहान असल्याने तिला लहान पेटी लागते. तशी पेटी फादर न्यूटन या धर्मगुरूंनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडे तयार केली आणि ती त्यांच्याच नावाने दक्षिणेत पसरली. महाराष्ट्रात महाबळेश्वर हे या व्यवसायाचे जुने केंद्र आहे; १९६२ साली पुण्यास खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली, आणि २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या खेड्यास मधाचे गाव म्हणून मान मिळाला.

पेटीस खालची मोठी कोठी असते ती पिलांची, व वरची उथळ कोठी असते ती मधाची. पेटी दीड-दोन फूट उंचीच्या तिवईवर ठेवावी आणि तिवईचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत असावा, नाहीतर मुंग्या आठ दिवसांत घर धुऊन नेतील. दार पूर्वेकडे अथवा आग्नेयेस असावे, म्हणजे सकाळचे ऊन लवकर मिळून माश्या लवकर कामास लागतात. दुपारी मात्र पेरूची किंवा आंब्याची विरळ सावली हवी. दारासमोरून घरातील माणसांची ये-जा नसावी. पेटी किंचित पुढे कललेली असावी, कारण आत शिरलेले पावसाचे पाणी बाहेर वाहून गेले पाहिजे. जवळपास एका पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे, म्हणजे माश्या खड्यांवर बसून पाणी पितील व बुडणार नाहीत. एकदा ठेवलेली पेटी मनास येईल तशी हलवू नये. चार-पाच हात बाजूला सरकविली तरी कामावरून परतलेल्या माश्या जुन्याच जागी घिरट्या घालीत बसतात. वसाहत पकडून पेटीत घालण्याचे काम जाणत्याच्या हातून करवून घ्यावे. विद्यार्थ्यांनी केवळ उत्साहाच्या भरात ढोलीत हात घालू नये. माशीने दंश केलाच तर नांगी नखाने खरवडून लगेच काढावी. आणि अंगावर गांधी उठणे, चेहरा सुजणे, श्वास कोंडणे असे काही होऊ लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

आता मूळ प्रश्न. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात माशीचे वर्ष आपल्या वर्षासारखे नसते. पाऊस ओसरला की कारळ्याची पिवळी शेते, तीळ, रानफुले यांवर तिची दिवाळी होते. थंडीत शेवगा, तूर यांवर ती गुजराण करते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत करंज, कडुलिंब, लिंबू आणि विशेषतः जांभूळ फुलतो. हा तिचा खरा सुगीचा काळ. मधाची कोठी भरते ती याच दिवसांत. आणि नंतर मृगाचा पाऊस सुरू होतो. फुले कमी होतात. जी असतात त्यांतील मकरंद पावसाने धुऊन जातो, पराग भिजून गोळा होतो, आणि माशीस दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही. मनुष्याच्या दृष्टीने ही पेरणीची, हिरवळीची, आशेची वेळ असते; माशीच्या दृष्टीने हा दुष्काळ असतो. चैत्र-वैशाखात साठविलेला मध ही तिची या दुष्काळाची शिदोरी होय.

अशा वेळी हौशी मालक काय करतो? मे महिन्याच्या सुटीत पाहुणे आलेले असतात, कोठी जड लागत असते; तो सर्व चौकटी काढून यंत्रात फिरवितो, बाटल्या भरून शेजाऱ्यांस वाटतो आणि पेटी पुन्हा ठेवून देतो. जूनच्या अखेरीस राणी अंडी घालणे कमी करते. माश्या घटतात. उघडी पडलेली पोळी मेणकिड्याच्या अळ्या पोखरू लागतात. आणि एके दिवशी, पाऊस क्षणभर उघडला असता, सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. सातेरीचा हा स्वभावच आहे: उपासमार, उपद्रव, मुंग्या, अति उष्मा यांपैकी काहीही असह्य झाले की ती घर टाकते. भर पावसात बाहेर पडलेल्या त्या थव्यास नवे घर आणि अन्न कोठून मिळणार? मालक म्हणतो, "माश्या टिकत नाहीत." खरे पाहता त्याने त्यांचे पावसाळ्याचे धान्य मे महिन्यातच विकलेले असते.

म्हणून मध किती काढावा, यापेक्षा किती ठेवावा हे आधी ठरवावे. पिलांच्या कोठीतील मधास कधीही हात लावू नये. वरच्या कोठीतील ज्या चौकटींवर माश्यांनी मेणाचे पातळ झाकण घातले आहे तेवढ्याच काढाव्या. झाकण नसलेला मध अपक्व, पाणचट असतो व बाटलीत आंबतो. मे महिन्याच्या मध्यानंतर काढणी करू नये, आणि शेवटच्या काढणीत दोन-तीन भरलेल्या चौकटी तशाच राहू द्याव्या. एका घरगुती पेटीपासून वर्षास पाच-सात किलो मध मिळाला तरी ती पेटी उत्तम चालली असे समजावे. याहून अधिकाची हाव असेल तर त्याने पेट्या रानात न्याव्या. परसातील पेटीचे खरे उत्पन्न पेरूच्या व लिंबाच्या झाडांवर मोजावे.

जुलै-ऑगस्टात दर आठवड्यास पेटी मागच्या बाजूने किंचित उचलून पाहावी. वजन हलके लागले तर साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक थंड करून, संध्याकाळी, पेटीच्या आतच लहान भांड्यात द्यावा. बाहेर सांडू देऊ नये. वास लागला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या येऊन लूटमार करतात. साखरेऐवजी गूळ देऊ नये, त्याने माश्यांस हगवण लागते. आणि बाजारचा मध तर मुळीच देऊ नये, त्यातून रोग येण्याचा संभव असतो. पेटीवर पत्र्याचे उतरते छप्पर घालावे. ते नसेल तर शेतकरी डोक्यावर घेतात तसले इरले बांधले तरी काम भागते. पावसात पेटी वारंवार उघडू नये. पिलांच्या जागी माश्या चौतीस-पस्तीस अंशांची ऊब राखून असतात आणि आपल्या एका उत्सुक दृष्टिक्षेपाने ती निघून जाते.

पाक हा शेवटचा उपाय झाला. खरी तजवीज झाडे निवडताना करावयाची असते, आणि येथेच फळबाग व मधमाशी यांची गाठ पडते. बाग आखताना कोणत्या फळाची आवड आहे एवढेच न पाहता, कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते याचा एक तक्ता करावा व ज्येष्ठ ते भाद्रपद हे रकाने रिकामे राहणार नाहीत असे पाहावे. नारळ साधारणतः दर महिन्यास नवा तुरा काढतो, म्हणून जेथे जागा असेल तेथे एक नारळ असावाच. केळीचे दोन-तीन खुंट असावे; एकाचे केळफूल सरले की दुसऱ्याचे यावे अशा अंतराने पिले राखावी. पेरूस मृग बहार धरावा. उन्हाळ्यात पाणी तोडून झाडास विश्रांती दिली म्हणजे पहिल्या पावसाबरोबर नवी फूट व फुले येतात. ती माशीस आषाढात उपयोगी पडतात, आणि फळे हिवाळ्यात तयार होत असल्याने अधिक गोड व अळीविरहित निघतात. एकाच बहारात दोघांचा लाभ होतो. कुंपणावर भोपळा व काकडी, कोपऱ्यात मक्याची एक ओळ, दारी तुळस, आणि गडग्याच्या कडेची लाजाळू उपटून न टाकण्याइतका संयम, एवढ्याने पावसाळ्यातील परागाची बरीच सोय होते. तुळशीच्या मंजिऱ्या आल्या की गृहिणी त्या खुडतात. एका कुंडीतील तुळस तरी फुलू द्यावी अशी त्यांस आमची विनंती आहे.

लागवडीविषयी विस्तार करीत नाही. पेरूसाठी दोन फूट लांब, रुंद व खोल, आणि आंब्यासाठी तीन फुटांचा खड्डा एप्रिलमध्ये खणून उन्हात तापू द्यावा. निघालेली वरची माती व कुजलेले शेणखत यांनी तो भरून पहिल्या पावसानंतर कलम लावावे. पेरू व डाळिंब गुटी कलमाने सहज होतात. कागदी लिंबू बियांपासूनही मूळ गुणाचे निघते. पेरूस चारी बाजूंनी वीस फूट तरी हवे. हौसेने दाट लावलेली झाडे पुढे उंच वाढतात आणि फुले शेंड्यास जातात. डाळिंब हे कोरड्या हवेचे झाड आहे. बैलहोंगल, सौंदत्तीकडे ते सुखाने वाढते. खानापूरच्या पावसात त्यास तेल्या रोग पछाडतो, तेव्हा तेथे त्याचा आग्रह धरू नये. जाता जाता एक गंमत सांगण्याजोगी आहे. पेरू व पपई ही झाडे अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या काळात ती आपल्याकडे आली, आणि त्यांच्या मूळ देशात आपल्या सातेरीच्या कुळातील माशी त्या काळी मुळीच नव्हती. तरीही आज आपल्या परसातल्या पेरूच्या फुलात सातेरी अशी लोळते, की जणू काही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असावी.

फवारणीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. ज्या हाताने पेटी ठेवावयाची त्याच हाताने फुललेल्या झाडावर विष फवारावयाचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे झाडाच्या रसात भिनून मकरंदापर्यंत व परागापर्यंत पोचतात. याच कारणास्तव २०१८ साली युरोपीय संघाने त्या वर्गातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. घरच्या चार झाडांस अशा औषधाची गरज नसते. पेरूतील फळमाशीसाठी मिथिल युजेनॉलचा सापळा टांगावा, सुपारीएवढी झालेली फळे कागदी अथवा कापडी पिशव्यांत बांधावी, गळलेली किडकी फळे रोज वेचून खोल पुरावी. मावा आला तर निंबोळीचा अर्क पुरतो, व तोही फुले नसताना आणि सूर्यास्तानंतर फवारावा. आपण एवढे केले तरी शेजाऱ्याने भर सकाळी फुललेल्या भाजीवर फवारा मारला, तर संध्याकाळी आपल्या पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा थर दिसतो. म्हणून पेटी आणण्याच्या आधी आजूबाजूच्या घरी जाऊन बोलावे. फवारणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे पेटीचे दार तेवढा वेळ बंद ठेवू, इतकेच मागणे असावे. वर्षातून एकदा मधाची लहान बाटली त्या घरी पोचविली तर हे मागणे विसरले जात नाही.

रोगाचा इतिहासही ठाऊक असावा. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने कर्नाटक, केरळ व तामिळनाडू येथील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. या रोगात अळ्या कोशात जाण्यापूर्वीच मरून पाण्याच्या पिशवीसारख्या होतात. औषध नव्हते, आजही नेमके औषध नाही. ज्या वसाहती त्यातून तगल्या त्यांच्यापासूनच पुढे पुन्हा वाढ झाली. म्हणून दूरच्या अनोळखी ठिकाणची वसाहत विकत आणण्यापेक्षा आपल्याच परिसरातील, एक-दोन पावसाळे काढलेली वसाहत घेणे शहाणपणाचे. आणि रानातील ढोल्या व वारुळे मोडू न देणे हेही तितकेच अगत्याचे, कारण आपल्या पेट्या रिकाम्या झाल्या तर बियाणे तेथूनच मिळावयाचे आहे.

घरी आलेल्या मधाविषयी दोन शब्द. थंडीत मध थिजून रवाळ झाला म्हणजे त्यात साखर मिसळली आहे असे पुष्कळांस वाटते. तसे नव्हे, शुद्ध मधही थिजतो, आणि बाटली कोमट पाण्यात ठेवली की पूर्ववत होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जन्मलेल्या बाळास मध चाटविण्याची रूढी आपल्या घरांत आहे. एक वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र निक्षून सांगते, कारण मधात क्वचित असणाऱ्या एका जंतूचे बीज तान्ह्या मुलाच्या आतड्यात रुजून प्राणघातक विष निर्माण करू शकते. मोठ्या माणसांस त्याची बाधा होत नाही. आजीबाईंस हे पटविण्याचे काम शाळेतील मुलामुलींनीच करावे.

शेवटी रिकाम्या पोळ्यांची व्यवस्था. जूनमध्ये वरच्या कोठीतील ज्या चौकटी रिकाम्या असतील त्या पेटीवर तशाच ठेवू नयेत. घटलेल्या माश्यांस त्यांची राखण होत नाही व मेणकिडा त्यांत शिरतो. काळी पडलेली जुनी पोळी वितळवून मेण करावे. पिवळसर, धड पोळी मात्र जपून ठेवावी, कारण किलोभर मेण तयार करण्यास माश्यांस कित्येक किलो मध खर्चावा लागतो. ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या जागी, घरात शीतकपाट असल्यास आधी एक-दोन दिवस त्याच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग, टांगून ठेवावी. भाद्रपद सरता सरता एक दिवस सावलीत वारा द्यावा, आणि कारळ्याची पहिली पिवळी फुले दिसताच पुन्हा पेटीवर चढवावी.